फेविकॉलशिवाय लाकूड जोडायचं तर: सरस, ताक-चुना अन् लाख, पायरीपायरीनं

पोळा जवळ आला की माझ्याकडं पोरांचे तुटके लाकडी नंदी यायला लागतात. कुणाचा पाय गेलेला, कुणाचं शिंग, एखाद्याची तर मानच. तान्हा पोळा, म्हणजे पोरं चाकावरचे लाकडी नंदी ओढतात तो सण, आठ दिवसांवर आलेला असतो, पोरगं तोंड पाडून उभं असतं अन् बापानं घरी एक प्रयोग आधीच करून पाहिलेला असतो. सरस आणला, गॅसवर ठेवून चहासारखा खळखळ उकळला, पावसाळ्यातल्या दमट लाकडाला लावला, दहा मिनिटं हातानं दाबून धरला अन् सोडून दिला. संध्याकाळी पाय हातात. मग मला सांगतात, "भाऊ, आता पहिल्यासारखा सरस येत नाही."

सरस येतो तसाच येतो हो. क्रम चुकतो. लाकूड जोडण्याचं बरंचसं काम गोंद तयार करायच्या आधीच होऊन गेलेलं असतं अन् लोक नेमकं तेच सोडून थेट गोंदापासून सुरू करतात. म्हणून इथं गोंद पाचव्या पायरीला येईल, त्याच्या आधी नाही. घाई असली तरी वरून वाचत या.

पायरी १: वस्तू कुठं राहणार ते आधी ठरवा

सरस म्हणजे जनावराच्या कातडी-हाडांपासून काढलेला गोंद. घरातल्या कोरड्या वस्तूला, म्हणजे नंदी, चौरंग, खुर्ची, पेटी, पलंगाचा कठडा, याला याच्यासारखं दुसरं नाही. वाळला की दगड होतो, पण पाणी आणि गरमी एकत्र आली की सुटतो. त्यामुळं न्हाणीतला पाट सरसानं जोडू नका, कूलरच्या तोंडाशी ठेवायची तिवई पण नको.

ताक-चुन्याचा गोंद दुधातल्या केसीन नावाच्या प्रथिनापासून होतो. थंडच लावायचा असतो आणि वाळल्यावर सरसापेक्षा पाण्याला बराच जास्त टिकतो. पण टिकतो म्हणजे पाण्यात बुडवून ठेवा असं नाही, कायम ओल राहिली तर त्याला बुरशी धरतेच. देव्हाऱ्याचं काम आलं की मी विचारूनच घेतो, कारण सरस कशापासून होतो हे कळलं की बऱ्याच घरांत तो देवघरात चालत नाही. आधी विचारलेलं बरं, नंतर अख्खा देव्हारा उघडत बसावं लागतं. तिथं ताक-चुना.

लाख ही लाकडाला लाकूड जोडायची वस्तूच नाही. लोखंड लाकडात बसवायला ती, म्हणजे विळ्याची मूठ, खुरप्याची मूठ. तिचं वेगळं सांगतो.

बाभळीचा नाहीतर धावड्याचा डिंक, चिंचोक्याची खळ, भाताची खळ, हे कागदाला, कापडाला ठीक आहे. सांध्याला नाही. चिंचोक्याच्या शिजवलेल्या खळीत लाकडाचा बारीक भुसा मळून भेग बुजवायला मात्र मस्त लगदा होतो, नंदीच्या कानाचा टवका उडाला असेल तर तो त्यानं भरून काढता येतो.

थांबा आणि बघा: वस्तू उन्हा-पावसात उघड्यावर राहणार असेल तर यातलं काहीच नको. बंडी, वखर, तिफण हे कधी गोंदानं जोडलेलं पाहिलंय का? तिथं कुसू (खाचेत बसणारं लाकडाचं टोक), खुंटी अन् पाचर, चाकाला वरून लोखंडी धाव. बाहेरच्या कामाला हाच रस्ता.

पायरी २: लाकूड वाळवा, आणि वाळलं हे वजनावरून ठरवा

सगळ्यात जास्त सांधे इथं बिघडतात. हात लावून "कोरडं लागते" म्हणणारे लय भेटतात मला, पण हाताला फक्त वरचं कळतं. आतल्या ओलीनं सरस पातळ होतो, नंतर लाकूड आकसतं आणि सांध्याला ओढ बसते.

सोपा उपाय किराण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्याचा. तुकडा मोजा, त्याच्यावरच पेन्सिलनं वजन आणि तारीख लिहा. रोज एकाच वेळी मोजायचं. वजन उतरत असेल तर लाकूड अजून पाणी सोडतंय. तीन-चार दिवस काटा हललाच नाही तर त्या हवेत लाकूड जेवढं वाळायचं तेवढं वाळलं. "त्या हवेत" हे महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडं चंद्रपुरात मे महिन्यात आणि ऑगस्टात हवा म्हणजे दोन वेगळे मुलूख. पावसाळ्यात लाकूड स्वयंपाकघरात उंचावर ठेवा, चुलीच्या वरच्या फळीवर, पण धग थेट लागेल असं नको. एका बाजूनं भाजलं की फळी वाकते. खोक्यात जुना पिवळा बल्ब लावून त्याच्यात ठेवलं तरी चालतं, तेवढं खोक्यात लाकूड किंवा पुठ्ठा बल्बला टेकणार नाही हे पाहा.

नवीन कापलेलं ओलं लाकूड असेल तर विषयच सोडा. मोकळ्या हवेत वाळायला जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष हा जुना हिशोब आहे. कुणी शेतातली बाभूळ मागच्या महिन्यात पाडून आणली अन् याचा पाट जोडून द्या म्हणालं तर मी सरळ परत पाठवतो.

सावधान: उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत लाकूड वाळवायला ठेवू नका. बाहेर ४५ अंश असलं तरी त्या खोलीतली हवा दमट असते. एकानं शिवणीच्या फळ्या महिनाभर कूलरच्या खोलीत ठेवून मला "एकदम सुक्या" म्हणून आणून दिल्या होत्या, बाहेर पडवीत ठेवल्या तर चार दिवसांत पार उलथ्या झाल्या.

पायरी ३: जुनं खरवडा, मग सांधा असा बसवा की गोंदाशिवाय उभा राहील

तुटक्या वस्तूवर आधीचा फेविकॉल, रंग, तेल, वार्निश काहीही असलं तर ते काढल्याशिवाय पुढं जाऊ नका. फेविकॉल वाळला की लाकडाच्या तोंडावर प्लास्टिकसारखा पापुद्रा बसतो अन् त्याच्यावर सरस धरतच नाही, कारण सरसाला लाकूड हवं असतं. पटाशीच्या धारेनं खरवडा. कोमट पाण्याचं फडकं थोडा वेळ ठेवलं तर पापुद्रा नरम पडतो, पण मग लाकूड परत वाळवायचं, म्हणजे पायरी दोन पुन्हा. नाइलाज आहे.

तपासणी: सांध्याच्या तोंडावर पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब पसरून मुरला तर लाकूड उघडं आहे. अळूच्या पानावर राहतो तसा गोल उभा राहिला तर अजून काहीतरी बसलेलं आहे, खरवडा.

सागाचं थोडं वेगळं आहे. बल्लारशाच्या लाकूड डेपोचा चांगला साग असो की घराच्या जुन्या मयालीचा (तुळईचा), त्याच्यात स्वतःचं तेल असतं आणि रंधा मारून ठेवला की ते हळूहळू वर येतं. म्हणून सागाला रंधा ज्या दिवशी मारायचा त्याच दिवशी जोडायचं. आज रंधून ठेवलं अन् रविवारी जोडू म्हणाल तर रविवारी परत एक हलका हात रंध्याचा.

आता बसवणं. सरस असो की ताक-चुना, दोन्हीला पातळ थर पाहिजे. पोकळी भरून काढणं हे त्यांचं काम नाही. दोन फळ्या कडेला कड जोडायच्या असतील तर एकावर एक उभ्या धरा आणि मागून ऊन येऊ द्या. उजेडाची रेघ दिसली की तिथं रंधा. जिथं वहीचं पान सरकतं तिथं पण रंधा. सँडपेपरनं कड सरळ करायला जाऊ नका, कडा गोल होतात अन् मधे घट्ट पण बाजूला उघडा असा सांधा बनतो, जो पहिल्या पावसात दिसतो.

आणि नंदीचा पाय. तो नेहमी गुडघ्याच्या वर, आडवा तुटतो, म्हणजे लाकडाच्या रेषा जिथं तुटल्या त्या टोकाला टोक जोडायचं असतं. टोकाला टोक फक्त गोंदावर राहत नाही. कुठलाही गोंद आणा, टोकाकडचं लाकूड नळ्यांसारखं असतं, ते गोंद पिऊन टाकतं आणि सांध्यात काही उरत नाही. तिथं आत खुंटी पाहिजेच.

खुंटी मी वाळलेल्या बांबूची करतो. तिची वरची चकचकीत साल पूर्ण काढायची, सालीला गोंद धरत नाही. जाडी पायाच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश. दोन्ही बाजूला गिरमिटानं समोरासमोर भोक, खुंटी दोन्हीकडं कमीत कमी बोटाच्या दोन पेरांएवढी आत गेली पाहिजे. भोकं समोरासमोर येत नाहीत ही सगळ्यांची तक्रार. एका बाजूला बारीक चूक, म्हणजे खिळा, मारा, तिचं डोकं पकडीनं कापून टाका, दुसरा तुकडा तुटल्या जागी नीट बसवून दाबा, चुकेचं टोक त्याच्यावर खूण करतं. चूक उपटा, दोन्ही खुणांवर भोक पाडा.

खुंटीच्या अंगावर उभी एक बारीक खाच मारायला विसरू नका. खाच नसेल तर आतली हवा आणि गोंद निघायला जागा राहत नाही, तुम्ही वरून ठोकता अन् पाय उभा फाटतो. माझ्या हातून दोन फाटलेत, तेव्हापासून खाच आधी, बाकी सगळं नंतर.

पायरी ४: कोरडी तालीम

गोंद न लावता पूर्ण वस्तू एकदा बांधून पाहा. दोरी, पाचर, ट्यूब, जे काही लावणार ते सगळं लावून. या पायरीला लोक हसतात अन् मग गोंद लागल्यावर "अरे दोरी कुठं आहे" म्हणून घरभर पळतात, तोवर सरस थिजून मोकळा.

क्लॅम्प नसले तरी अडत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद लांब पट्टी कापा, ताणून ताणून गुंडाळली की भरपूर दाब येतो, आणि नंदीच्या पायासारख्या वाकड्यातिकड्या वस्तूला ती क्लॅम्पपेक्षा भारी. फळ्यांना सुताच्या दोरीचा दुहेरी फेरा घालून मधे काडी खुपसून पीळ द्यायचा, किंवा जाड फळीवर दोन्हीकडं ठोकळे ठोकून एका बाजूनं दोन पाचरी समोरासमोर सारायच्या. रुंद फळी असली की वरून पण वजन ठेवा, नाहीतर दाबानं मधे उचलली जाते.

तपासणी: बांधल्यावर सांधा सगळीकडं मिटला का? बळजबरीनं दाबल्यावरच मिटत असेल तर तो सांधा बसलेला नाही, परत पायरी तीन. एकदा घड्याळ लावून पूर्ण बांधणी करा. सरसाचं काम असेल तर लावण्यापासून दाबेपर्यंत दीड-दोन मिनिटांत हात आटोपला पाहिजे. नाही होत तर एक माणूस सोबत घ्या.

पायरी ५ (क): सरस तयार करणं

हार्डवेअर नाहीतर रंगाच्या दुकानात दाणेदार किंवा वडीचा मिळतो. मधाच्या रंगाचा, उजेडाला धरल्यावर आरपार दिसणारा घ्या. काळपट, कुजका वास येणारा नको.

१०० ग्रॅम सरसाला १७५ ते २०० मिली पाणी. थंड पाणी. वडी असेल तर फडक्यात गुंडाळून फोडा अन् रात्रभर भिजत ठेवा, दाण्यांना दोन-तीन तास पुरतात. मे महिन्यात रात्रभर बाहेर राहिला तर आंबतो, तेव्हा फ्रीजमधे ठेवा.

तपासणी: सकाळी सरस फुगून जेलीसारखा झाला पाहिजे, पण त्याचा आकार दिसला पाहिजे. थंड पाण्यातच विरघळून चिखल झाला असेल तर माल हलका, त्यानं खुर्ची जोडू नका.

आता गरम करणं, जिथं सगळे मार खातात. सरस थेट आचेवर कधीच ठेवायचा नाही. मोठ्या गंजात (पातेल्यात) गरम पाणी आणि त्याच्यात सरसाचं छोटं भांडं. सरस ६० ते ६५ अंशांवर पाहिजे. त्याच्या बराच वर गेला, उकळला, की त्याची ताकद तुटते आणि ती नंतर परत येत नाही, दिसायला मात्र तसाच दिसतो, म्हणून फसवतो. थर्मामीटर नसेल तर एक ग्लास खळखळतं पाणी आणि एक ग्लास माठातलं, दोन्ही गंजात एकत्र ओतायचं, हिशोब ६० च्या आसपास येतो. पोळ्या ठेवायच्या हॉटपॉटमधे हे पाणी ओतून त्याच्यात सरसाची वाटी ठेवली तर बराच वेळ गरम राहतं, मी असंच करतो, हॉटपॉट मात्र घरच्यांना न विचारता घेऊ नका.

विरघळल्यावर ब्रश वर उचला. धार सलग काकवीसारखी सुटली आणि शेवटी थेंबात तुटली तर बरोबर. गोळे पडले तर जाड आहे, एक चमचा गरम पाणी. पाण्यासारखं टपटप झालं तर पातळ, भांडं उघडं ठेवून थोडं आटू द्या. अजून एक परीक्षा म्हणजे थेंबभर अंगठा आणि बोटात घेऊन चोळा, थंड होताना बोटं उघडझाप केली की कापसासारखे तंतू ओढले जातात. तंतू आले नाही तर त्या सरसाचं आयुष्य संपलं, वारंवार गरम केल्यानं असं होतं. म्हणून लागेल तेवढाच करा. उरला तर झाकून फ्रीजमधे, चार-पाच दिवसांत संपवा, वास बदलला तर फेकून द्या.

मधेच एक सांगतो. इंटरनेटवर लिहिलेलं असतं की सरसात युरिया घातला तर तो लवकर थिजत नाही. खरं आहे ते. पण आपल्या गोदामातली खताची गोणी उचलून टाकू नका, तो कडुनिंबाचं तेल लावलेला असतो अन् सांध्याला तेल म्हणजे वैर. हाच उपयोग साध्या मिठाचा होतो, १०० ग्रॅम कोरड्या सरसाला सात-आठ ग्रॅम. फक्त मीठ ओल ओढतं, म्हणून पावसाळ्यात मी टाळतो.

पायरी ५ (ख): ताक-चुन्याचा गोंद

एक लिटर दूध, साय पूर्ण काढलेलं. लोणी काढून उरलेलं आंबट ताक असेल तर अजून सोपं. चरबी राहिली तर गोंद धरत नाही, म्हणून फुल क्रीमची पिशवी नको, डबल टोन्डमधे पण दीड टक्का राहतेच, ते तापवून थंड करून साय काढून घ्या.

दूध कोमट करा, बोटाला सुखानं सोसवेल इतकंच. तीन-चार चमचे लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून हलवा, चोथा अन् पाणी वेगळं होतं. ताक असेल तर नुसतं मंद आचेवर कोमट केलं तरी फाटतं. पनीर करतो तसं उकळू नका, उकळलेला चोथा रबरासारखा होतो आणि चुन्यात नीट विरघळत नाही.

कापडात गाळा आणि स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा धुवा, आंबट वास जाईपर्यंत. धुणं टाळायचं नाही, आंबटपणा उरला तर तो आधी चुनाच खाऊन टाकतो. मग घट्ट पिळा. भुगा होईल इतका पिळला की बोटांनी कुस्करा किंवा मिक्सरमधून काढा, डाळीएवढा गोळा पण राहू नये.

चुना विझवलेला पाहिजे. पानवाल्याकडचा साधा चुना चालतो, वासाचा किंवा रंगाचा नको. एक लिटर दुधाच्या चोथ्याला कोरडा विझवलेला चुना पाच-सहा ग्रॅम, ओला असेल तर दुप्पट वजन. दोन-तीन चमचे पाण्यात तो कालवून मग चोथ्यात घाला.

तपासणी: पुडीतला जुना कोरडा चुना हवेत राहून मेलेला असतो. चिमूटभर घेऊन त्यावर लिंबाचे दोन थेंब टाका. फसफसला तर तो मेलेला, त्यानं गोंद होणार नाही.

सावधान: कळीचा (न विझवलेला) चुना थेट वापरू नका, पाणी लागलं की उसळतो. चुन्याचा शिंतोडा डोळ्यात गेला तर चोळू नका, ताबडतोब भरपूर पाण्यानं धुवत राहा अन् दवाखाना गाठा. पोरांना जवळ बसवू नका. आणि जर्मनचं भांडं नको, चुना त्याला खातो. स्टील, काच नाहीतर प्लास्टिक.

चुना पडला की मिश्रण आधी घट्ट होतं, गुठळ्या दिसतात. इथं घाबरून लोक पाणी ओततात आणि गोंद वाया जातो. घोटत राहा, दहा-पंधरा मिनिटांत ते आपोआप सैल होऊन दाट दह्यासारखं गुळगुळीत होतं. तेव्हाही ब्रशला जड गेलं तरच एक चमचा पाणी. तयार झाल्यापासून तास-दीड तास हातात असतो. मग भांड्यातच जेली होते. जेली झालेल्यात पाणी घालून परत पातळ करता येत नाही, सरसासारखा हा परत वितळत नाही, फेकूनच द्यायचा.

आणि हो, बाभूळ, ऐन, खैर अशा तुरट लाकडाला चुन्यानं काळपट डाग पडतो. दिसण्याची वस्तू असेल तर आधी टाकाऊ तुकड्यावर लावून पाहा.

पायरी ६: लावणं

सरसाला गरम लाकूड लागतं. हिवाळ्यात, पावसाळ्यात दोन्ही तुकडे दहा-पंधरा मिनिटं उन्हात, ऊन नसेल तर इस्त्रीच्या उबेला ठेवा. पंखा बंद, कूलर बंद. दोन्ही तोंडांना पातळ पण पूर्ण लावा, भोकात काडीनं लावा, खुंटीला लावा, लगेच बसवा आणि एकदा किंचित पुढं-मागं घासून दाबा. टोकाकडच्या तोंडाला आधी एक पातळ हात द्या, तो पिऊ द्या अन् मग दुसरा.

मे महिन्याचं मात्र उलटं आहे. पुस्तकात लिहिलेलं असतं की सरस मिनिटात थिजतो, पण तो थिजतो साधारण पस्तीस अंशांच्या खाली आला की. चंद्रपूरच्या दुपारी सावलीतच ४४ अंश असताना तो थिजणार कसा? नुसता ओघळत राहतो, वरून कडक कोरडी हवा त्याच्या कडा सुकवते अन् आत पातळच. उन्हाळ्यात सरसाचं काम पहाटे सूर्य वर यायच्या आधी करा, आणि "घट्ट झाला" असं समजून बांधलेलं लवकर सोडू नका.

ताक-चुन्याला ही धावपळ नाही. थंड लाकूड, थंड गोंद, दहा-पंधरा मिनिटं मिळतात. दोन्ही तोंडांना लावायचाच.

तपासणी: दाबल्यावर सांध्याच्या पूर्ण रेघेवर बारीक मण्यांची माळ आली पाहिजे. मधेच माळ तुटली तर तिथं गोंद कमी आहे, उघडा आणि लावा. धो धो वाहिला तर गोंद जास्त होता, चालतं, पण दाब वाढवून सगळा पिळून टाकू नका. बाहेर आलेला सरस जेली झाल्यावर पटाशीनं अलगद सोलला जातो, ताक-चुना ओला असतानाच फडक्यानं पुसा. लोखंडी क्लॅम्प असेल तर मधे प्लास्टिकचा तुकडा ठेवा, नाहीतर सागावर काळा छाप उमटतो.

पायरी ७: हात लावू नका

सरस चोवीस तास बांधलेला. पावसाळी हवेत दोन-तीन दिवस, कारण त्यातलं पाणी जायला जागाच नसते. ताक-चुना रात्रभर बांधून ठेवा, नंतर सोडला तरी पूर्ण कस यायला आठवडा जातो, तोवर वजन नाही. दर दोन तासांनी हलवून "धरला का" बघणारे असतात, तो हलवणाराच सांधा तोडतो.

सुटल्यावर लगेच रंधा पण मारू नका. सांध्याजवळचं लाकूड गोंदाच्या पाण्यानं फुगलेलं असतं, ते तेव्हाच सपाट केलं तर वाळल्यावर तिथं नाली दिसते. चार-पाच दिवस थांबा. रंग, तेल त्याच्यानंतर. तान्हा पोळा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असतो, त्यापासून मागं मोजा. वाळवणं, बांधणं, थांबणं, रंग, सगळं धरून तीन आठवडे होतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी येणाऱ्यांना मी आता हात जोडतो.

लाख: विळ्या-खुरप्याची मूठ

लाख पळसावर, बोरीवर, कुसुमावर होते. कांडीची असेल तर कुटून काड्या-कचरा वेगळा करा, किंवा चपडा (साफ केलेल्या लाखेचे पातळ पापुद्रे) घ्या. दोन वाटे लाखेत एक वाटा विटेची चाळलेली कोरडी भुकटी मिसळा, नुसती लाख काचेसारखी तडकते.

मुठीचं भोक विळ्याच्या मुठीत जाणाऱ्या टोकापेक्षा थोडंसंच मोठं असावं, आत पूर्ण कोरडं. एक तृतीयांशापर्यंत मिश्रण भरा. विळ्याचं हेच टोक गरम करा, पात्याला ओलं फडकं गुंडाळून, म्हणजे धारेचं पाणी (कडकपणा) उतरणार नाही. टोक लाल करायचं नाही. लाखेचा दाणा टेकवल्यावर लगेच वितळून चिकटला की पुरे, फेस आला, धूर निघाला तर जास्त तापलंय, थोडं थांबा. मग सरळ रेषेत दाबत जा आणि पूर्ण गार होईस्तोवर धरून ठेवा, बाहेर आलेली लाख ओल्या बोटानं दाबून घ्या. वाकडं बसलं तर गार असताना ओढू नका, परत गरम करा, निघतं.

सावधान: लाख गरमीत नरम पडते. उन्हाळ्यात विळा टिनाच्या पत्र्यावर उन्हात टाकून ठेवला की मूठ हलायला लागते. सावलीत आडव्याला खोचा.

पायरी ८: चुकलं तर उघडायचं कसं

सरसाचा सांधा उघडता येतो, म्हणून तर मला तो आवडतो. गरम पाण्यात पिळलेलं फडकं सांध्यावर ठेवा, वरून इस्त्री टेकवा, वाफ आत जाऊ द्या, पाच-दहा मिनिटांनी बोथट सुरीचं टोक घालून हळूच उचला. जुना सरस पूर्ण खरवडायची गरज नसते, गरम पाण्यानं धुवा, वाळवा आणि नवा त्याच्यावर धरतो. ताक-चुन्याचा असा उघडत नाही, तो कापावाच लागतो, म्हणून कोरडी तालीम त्याला दुप्पट करा.

नंदीवाल्यांना अजून एक. पाय जोडताना वाहून आलेला सरस खाली चाकाच्या आसाकडं जातो. आसाला आधीच मेण चोळून ठेवा आणि बांधल्यावर प्रत्येक चाक एकदा फिरवून पाहा. मी एका वर्षी पाहिलं नाही. नंदी झकास दिसत होता, झूल घातली, शिंगांना बेगड लावला, अन् रांगेत उभा केल्यावर कळलं की पुढची दोन्ही चाकं जाम आहेत. पोरगं पूर्ण रस्ता त्याला ओढत, घासत नेत होतं अन् मागं मातीत दोन नाल्या पडत होत्या.